फाउलनंतर पंचांची अदलाबदल : बास्केटबॉलमधील एका संकेताचा इतिहास

बास्केटबॉलच्या सामन्यात फाउलची शिट्टी वाजली की घड्याळ थांबते. शिट्टी वाजविणारा पंच गुणलेखकाच्या मेजासमोर जातो, दोषी खेळाडूचा क्रमांक, नियमभंगाचा प्रकार आणि त्याबद्दलची शिक्षा हाताच्या खुणांनी कळवितो. खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा मात्र हा पंच बहुधा पूर्वीच्या जागी नसतो. ती जागा त्याच्या सहकाऱ्याने घेतलेली असते आणि तो स्वतः सहकाऱ्याच्या किंवा तिसऱ्याच एखाद्या जागी उभा असतो. प्रेक्षकांचे लक्ष या वेळी खेळाडूंकडे किंवा गुणफलकाकडे असल्यामुळे ही हालचाल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्या ध्यानात येते तेही ती एक सोय समजून सोडून देतात.

वस्तुतः या लहानशा संकेतामागे न्यायदानाविषयीच्या कल्पनेतील एक मोठे परिवर्तन दडलेले आहे. बास्केटबॉलच्या मूळ नियमांत दोन पंचांमध्ये विभागणी होती ती कामाची. आज आहे ती जागेची. मूळ व्यवस्थेत न्यायाची हमी पदावरील व्यक्तीच्या योग्यतेवर अवलंबून होती. आजच्या व्यवस्थेत ती कोणत्याही एका व्यक्तीला एका जागी स्थिर न ठेवण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. पहिल्या व्यवस्थेतून दुसरीपर्यंतचा प्रवास कसा घडला आणि त्यातून न्यायाचा कोणता प्रश्न सुटला व कोणता सुटला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मूळ नियमांतील दोन पदे

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात झाला. जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत खेळता यावा असा हा खेळ रचला. त्याचे तेरा नियम जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या ‘ट्रायँगल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते.

या तेरा नियमांपैकी दहावा व अकरावा हे पंचांविषयीचे आहेत. दहाव्या नियमाने ‘अंपायर’कडे खेळाडूंचा न्याय सोपविला. फाउलची नोंद ठेवणे, लागोपाठ तीन फाउल झाल्यास ते रेफरीस कळविणे आणि पाचव्या नियमाप्रमाणे खेळाडूस बाद करणे, हे त्याचे अधिकार होते. अकराव्या नियमाने ‘रेफरी’कडे चेंडूचा न्याय सोपविला. चेंडू खेळात केव्हा आहे, सीमेच्या आत आहे की बाहेर, तो कोणत्या बाजूचा, गोल झाला की नाही, हे ठरविणे आणि वेळ व गोलांचा हिशोब ठेवणे, ही त्याची कामे होती. एकाने माणसांकडे पाहावयाचे आणि दुसऱ्याने चेंडूकडे, अशी ही सरळ वाटणी होती.

ही वाटणी आकस्मिक नव्हती. नेस्मिथसमोर जो प्रश्न होता तो केवळ हिवाळी व्यायामाचा नव्हता; तत्कालीन अमेरिकन फुटबॉलमधील धसमुसळेपणा टाळणे हाही त्याचा एक भाग होता. म्हणूनच पाचव्या नियमाने खांद्याने धक्का देणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे व मारणे या सर्वांस बंदी केली. पहिला अपराध हा फाउल. दुसऱ्या अपराधानंतर पुढील गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. आणि इजा करण्याचा हेतू उघड असेल तर संपूर्ण सामन्यातून बाहेर, तेही बदली खेळाडूवाचून. चारित्र्यसंवर्धन हे ज्या संस्थेचे ध्येय होते, तिने खेळाडूच्या वर्तनावर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमावा हे स्वाभाविकच होते.

या संहितेतील दोन गोष्टी पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली अशी की, पंचांनी कोठे उभे राहावे याविषयी तेरा नियमांत एक शब्दही नाही. अंपायर आणि रेफरी ही पदे होती, स्थाने नव्हती. अशा व्यवस्थेत अदलाबदलीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण जागा बदलल्याने कोणाचे काम बदलत नाही. दुसरी गोष्ट अशी की, फाउल पाहणारा तो दुसऱ्या कोणास तरी ‘कळवितो’ ही कल्पना मात्र दहाव्या नियमातच आहे. निर्णय देणे आणि निर्णयाची नोंद करविणे या दोन क्रियांमधील हे अंतर पुढे प्रत्यक्ष मैदानावरील अंतर बनले, आणि अदलाबदलीचा संकेत याच अंतरात रुजला.

२. पदांकडून स्थानांकडे

माणसे आणि चेंडू यांची ही वाटणी फार काळ टिकण्यासारखी नव्हती. उन्नीसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक बाजूस पाच खेळाडू ही संख्या रूढ झाली. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे नेण्याची क्रिया खेळाचे मुख्य अंग बनली. फाउलबद्दल प्रतिपक्षास फ्री थ्रो देण्याची पद्धत आली. चेंडू नेणारा खेळाडू आणि त्याला अडविणारा खेळाडू यांच्यातील संघर्ष हाच खेळाचा गाभा ठरल्यावर चेंडूकडे पाहणारा आणि माणसांकडे पाहणारा हे दोघे एकाच बिंदूकडे पाहू लागणार हे उघड होते. फाउल देण्याचा अधिकार दोघांसही मिळाला आणि वाटणीचे जुने तत्त्व निरुपयोगी झाले.

नव्या तत्त्वाची गरज खेळाच्या वाढत्या वेगाने अधिकच तीव्र केली. १९३२ मध्ये अमेरिकेत दहा सेकंदांच्या आत चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्याचा नियम झाला. १९३७ मध्ये प्रत्येक गोलनंतर मध्यभागी चेंडू उडविण्याची प्रथा तेथील महाविद्यालयीन खेळातून वगळण्यात आली. पूर्वी प्रत्येक गोलनंतर खेळ थांबत असे आणि पंचांस आपली जागा घेण्यास उसंत मिळत असे. आता गोल होताच चेंडू अंत्यरेषेमागून आत येऊन दुसऱ्या टोकाकडे धावू लागला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक एन.बी.ए. स्पर्धेत चोवीस सेकंदांचा, आणि १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळात तीस सेकंदांचा नियम आल्यावर ही ये-जा अखंड झाली.

अशा खेळात दोन पंचांनी मैदान कसे सांभाळावे? यास मिळालेले उत्तर असे : चढाई ज्या टोपलीकडे चालली असेल तिच्या मागील अंत्यरेषेवर एक पंच आधी पोहोचतो, तो ‘लीड’ म्हणजे पुढचा पंच, दुसरा चेंडूच्या मागून येतो व मध्यरेषेच्या बाजूने खेळ पाहतो, तो ‘ट्रेल’ म्हणजे मागचा पंच. चेंडू उलट दिशेने निघाला की मागचा तो पुढचा होतो आणि पुढचा तो मागचा. टोपलीखालची गर्दी पुढच्याने पाहावयाची, बाहेरील बाजूचा विस्तार मागच्याने. कोणी काय पाहावयाचे हे आता पदावरून ठरत नव्हते. तो त्या क्षणी कोठे उभा आहे यावरून ठरत होते.

३. अदलाबदलीचे खरे कारण

या व्यवस्थेत एक दोष होता, आणि तो सहज दिसणारा नाही. दोन पंच ‘क’ व ‘ख’ आणि दोन टोपल्या ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ अशा कल्पाव्या. पूर्वेकडील चढाईत ‘क’ पुढचा असेल, तर चेंडू पश्चिमेकडे वळताच ‘ख’ पुढचा होतो; तो पुन्हा पूर्वेकडे आला की ‘क’ पुढचा होतो. म्हणजे पंचांची भूमिका क्षणोक्षणी बदलत असूनही पूर्वेच्या टोपलीखाली नेहमी ‘क’च उभा राहतो आणि पश्चिमेच्या टोपलीखाली नेहमी ‘ख’च. प्रत्येक संघ एका अर्धात एकाच टोपलीवर चढाई करीत असल्यामुळे याचा परिणाम असा होतो की, एका संघाच्या टोपलीजवळील सर्व चढायांचा न्याय संपूर्ण अर्धभर एकच पंच करतो व दुसऱ्या संघाच्या चढायांचा न्याय दुसराच.

दोन प्रामाणिक माणसांच्याही दृष्टीत फरक असतो. एक पंच शरीरस्पर्शाबाबत कडक असेल, दुसरा उदार. कोणताही पक्षपात नसताना एका संघास कडक न्यायाधीश आणि दुसऱ्यास उदार न्यायाधीश लाभेल. मध्यंतरानंतर संघ टोपल्या बदलतात, त्यामुळे हा अन्याय काही अंशी भरून निघतो हे खरे. परंतु दोन्ही अर्ध सारखे नसतात. उत्तरार्धात खेळाडूंच्या नावावर फाउल साचलेले असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पाचव्या फाउलला खेळाडूस बाहेर जावे लागते. पूर्वार्धातील सैल निर्णयाची भरपाई उत्तरार्धातील तशाच सैल निर्णयाने होतेच असे नाही.

फाउलनंतरची अदलाबदल हा या दोषावरील उपाय होय. फाउल दिल्यावर दोन्ही पंचांनी जागा बदलल्या की पूर्वेची टोपली ‘ख’कडे जाते आणि पश्चिमेची ‘क’कडे, पुढील फाउलला पुन्हा उलट. अमेरिकेच्या व्यावसायिक सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे चाळीस फाउल होतात. इतक्या वेळा अदलाबदल झाल्यास कोणत्याही टोपलीवर कोणत्याही एका पंचाचे स्वामित्व राहत नाही.

यासाठी फाउलचाच क्षण निवडला जाण्यासही कारणे आहेत. त्या वेळी चेंडू मृत असतो व घड्याळ थांबलेले असते. निर्णय देणाऱ्यास नोंदीसाठी मेजाकडे जावेच लागते, म्हणजे त्याची जागा रिकामी होतेच. सहकाऱ्याने ती भरणे हा सर्वांत कमी वेळाचा मार्ग ठरतो. दोन पंचांच्या अमेरिकन पद्धतीत निर्णय देणारा पंच नोंद करून मागच्या जागी येतो आणि मोकळा पंच पुढे जाऊन फ्री थ्रोची व्यवस्था पाहतो, ही रचना याच सोयीतून निघाली. शिवाय फाउल हाच असा निर्णय आहे की ज्याने खेळाडूच्या मनात राग उत्पन्न होतो. राग ज्याच्यावर आहे तो पंच त्या खेळाडूच्या शेजारून दूर जाणे हे उभयतांच्या हिताचे असते.

क्रिकेटशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाजीचे टोक बदलते, पण पंच आपापल्या टोकास राहतात. दोन्ही संघांचा एकेक डाव पूर्ण झाल्यावर त्यांनी टोके बदलावयाची असतात. तेथे दोन्ही संघ दोन्ही टोकांकडून खेळत असल्यामुळे दोन्ही पंचांचा न्याय दोघांसही सारखाच लाभतो. बास्केटबॉलमध्ये संघ आणि टोक यांची गाठ अर्धभर पक्की असल्यामुळे पंचांनाच हलवावे लागले.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत या संकेतास आणखी एक अर्थ प्राप्त झाला. १९३२ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम अधिकृतपणे समाविष्ट झाला. तेव्हापासून दोन देशांचे दोन पंच एका सामन्यास नेमले जाऊ लागले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील सोव्हिएट संघ व अमेरिका यांचा ५१-५० असा संपलेला आणि आजही वादग्रस्त असलेला अंतिम सामना एका ब्राझिलियन व एका बल्गेरियन पंचाने चालविला होता. शीतयुद्धाच्या त्या काळात एका देशाचा पंच सतत एका टोपलीखाली उभा राहिला असता तर त्यावर कोणता आरोप झाला असता, याची कल्पना करणे कठीण नाही. त्या सामन्यातील वाद शेवटच्या तीन सेकंदांच्या मोजणीचा होता. अदलाबदलीने सुटण्यासारखा तो नव्हता. पंचांच्या स्थानव्यवस्थेने सर्व प्रश्न सुटत नाहीत, याचेही ते उदाहरण आहे.

भारतात हा खेळ वाय.एम.सी.ए.च्या मार्गानेच आला. स्प्रिंगफील्ड येथे शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले. १९३४ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व १९५० मध्ये भारतीय महासंघ अस्तित्वात आला. मुंबईत नागपाड्यासारख्या वस्तीत या खेळाने खोल मूळ धरले. पंचांची हालचाल ही खेळाच्या मूळ नियमांपेक्षा प्रशिक्षणाची बाब असल्यामुळे, तिच्या प्रसारात अशा शिक्षणसंस्थांचे महत्त्व विशेष मानावे लागते.

४. तिसरा पंच

९ डिसेंबर १९७७ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स व ह्यूस्टन रॉकेट्स यांच्या सामन्यात चेंडू पुढे जात असता मध्यरेषेजवळ खेळाडूंमध्ये झटापट झाली. ती थांबविण्यासाठी धावत आलेल्या रूडी टॉमजॅनोविच यांच्या चेहऱ्यावर कर्मिट वॉशिंग्टन यांचा ठोसा बसून त्यांना प्राणावर बेतणारी इजा झाली. वॉशिंग्टन यांना साठ दिवसांची बंदी व दहा हजार डॉलरचा दंड झाला. चेंडूपासून दूर जे घडते त्यावर दोन पंचांचे लक्ष पुरत नाही, ही जाणीव या घटनेने तीव्र केली आणि १९७८-७९ च्या हंगामात एन.बी.ए.ने तिसरा पंच नेमून पाहिला. पुढील हंगामात ही पद्धत बंद झाली. १९८८-८९ पासून ती कायमची स्वीकारण्यात आली. आंतरराष्ट्रीय खेळात तिचा प्रसार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला.

तीन पंच त्रिकोणात उभे राहतात : लीड अंत्यरेषेवर, ट्रेल मागे, आणि ‘सेंटर’ म्हणजे मधला पंच विरुद्ध बाजूस फ्री थ्रोच्या रेषेच्या विस्तारावर. चेंडू चालू असताना लीड अंत्यरेषेवरून दुसऱ्या बाजूस गेला की उरलेले दोघेही आपल्या भूमिका बदलतात. फाउलनंतरची अदलाबदल ही त्याहून वेगळी, मृत चेंडूच्या वेळची हालचाल होय. दोन पंचांत बदल एकच संभवतो. तिघांत अनेक संभवतात, आणि म्हणून प्रथमच निवड करणे भाग पडले. निर्णय देणाऱ्या पंचाने नोंदीनंतर कोठे जावे : मेजाच्या बाजूस, की मेजाच्या विरुद्ध बाजूस?

या प्रश्नावर अमेरिकेत दोन मते रूढ झाली. शालेय सामन्यांच्या रीतीने बराच काळ असे सांगितले की, निर्णय देणाऱ्याने मेजाच्या विरुद्ध बाजूस जावे. मेजाच्या दोन्ही बाजूंस संघांची आसने व प्रशिक्षक असतात; ज्याच्या निर्णयाने प्रशिक्षक क्षुब्ध झाला आहे तो त्याच्यापासून दूर गेल्यास कटुता वाढत नाही. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांच्या रीतीने उलट सांगितले : निर्णय देणाऱ्याने मेजाच्याच बाजूस थांबावे, म्हणजे प्रशिक्षकास काही विचारावयाचे असल्यास उत्तर देण्यास योग्य व्यक्ती जवळ असेल, ज्याने निर्णय दिला नाही त्याने दुसऱ्याच्या निर्णयाचे समर्थन करीत बसण्याचा प्रसंग येऊ नये. पहिल्या मतात न्यायाधीशाचे संरक्षण प्रधान आहे, दुसऱ्यात त्याचे उत्तरदायित्व. एका साध्या चालण्याच्या दिशेत न्यायसंस्थेविषयीच्या दोन प्राचीन भूमिका अशा समोरासमोर आलेल्या दिसतात.

अदलाबदलीची किंमतही याच काळात लक्षात येऊ लागली. मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांब अदलाबदलीत वेळ जातो. त्यामुळे चढाईची दिशा न बदलणाऱ्या किंवा मागील अर्धात घडलेल्या काही फाउलनंतर ती गाळण्याकडे कल वाढला. दुसरा धोका अधिक गंभीर होता. एक पंच मेजाकडे पाठ वळवून चालत असता बाकीचेही आपापल्या नव्या जागांकडे पाहत निघाले, तर खेळाडूंवर कोणाचेच लक्ष राहत नाही, आणि रागाच्या चकमकी नेमक्या याच क्षणी उद्भवतात. म्हणून मोकळ्या पंचांनी प्रथम स्तब्ध राहून खेळाडूंवर नजर ठेवावी, निर्णय देणारा नोंद करून परतू लागल्यावरच हलावे, असे प्रशिक्षणात आग्रहाने सांगितले जाते. दहाव्या नियमातील अंपायरचे ‘माणसांकडे पाहण्याचे’ काम येथे काही क्षणांपुरते परत येते.

५. संकेताच्या मर्यादा आणि साधनांचा प्रश्न

अदलाबदलीने पंचांमधील फरक दोन्ही संघांत समान वाटला जातो. सर्व पंचांत समान असलेला दोष मात्र तिने दूर होत नाही. अँडरसन व पिअर्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन महाविद्यालयीन सामन्यांच्या अभ्यासात असे आढळले की, एका संघाचे फाउल दुसऱ्यापेक्षा जितके अधिक, तितकी पुढील फाउल दुसऱ्या संघावर दिला जाण्याची शक्यता वाढते. हिशोब समान राखण्याची ही प्रवृत्ती पंच कोठेही उभा असला तरी त्याच्याबरोबर जाते. प्राइस व वुल्फर्स यांनी २०१० मध्ये एन.बी.ए.विषयी दाखविले की, पंचांच्या गटाचा वंश आणि खेळाडूचा वंश भिन्न असता खेळाडूवर किंचित अधिक फाउल दिले जातात. हेतुपुरस्सर केलेल्या गैरवर्तनावर तर हा उपाय नव्हेच. २००७ मध्ये एन.बी.ए.चे पंच टिम डोनाही यांनी जुगाराशी संबंधित गुन्ह्यांची कबुली दिली, तेव्हा त्या स्पर्धेत तीन पंच व त्यांची अदलाबदल या दोन्ही गोष्टी अनेक वर्षे अस्तित्वात होत्या.

प्राइस व वुल्फर्स यांच्या अभ्यासातील एक अडचण इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. सामन्याच्या प्रसिद्ध गुणपत्रकात खेळाडूंचे फाउल असतात, तिन्ही पंचांची नावे असतात. परंतु कोणता फाउल कोणी दिला याचा उल्लेख नसतो. म्हणून त्यांना एकेका पंचाऐवजी संपूर्ण गटाच्या घडणीवरून अनुमान काढावे लागले. आंतरराष्ट्रीय गुणपत्रकाचीही तीच रीत आहे : खेळाडूच्या नावापुढे फाउलची खूण असते आणि तळाशी पंचांच्या सह्या. फाउल हा खेळाडूचा म्हणून नोंदला जातो, पण निर्णय सर्व पंचांचा मिळून. एन.बी.ए.ने २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या अखेरच्या दोन मिनिटांतील निर्णयांचे परीक्षण प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, त्यातही भर निर्णय बरोबर की चूक यावर आहे.

याचा अर्थ असा की, पंच कोठे उभे होते आणि त्यांनी जागा केव्हा बदलल्या, याची साक्ष गुणपत्रकांच्या ढिगाऱ्यात सापडणार नाही. ती नियमपुस्तकांच्या पुनरावृत्त्यांत, पंचांच्या प्रशिक्षण-पुस्तिकांतील आकृत्यांत आणि सामन्यांच्या चित्रफितींत शोधावी लागेल. न्यायाच्या इतिहासात निवाडे जतन होतात आणि न्यायसभेची मांडणी विस्मृतीत जाते, हा अनुभव नवीन नाही. क्रीडेचा इतिहासही त्यास अपवाद नाही.

एक अवशेष मात्र उघड्यावर शिल्लक आहे. अमेरिकेच्या शालेय नियमांत आजही एका पंचास ‘रेफरी’ व इतरांस ‘अंपायर’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य पंचाचे नाव बदलले, पण त्याचे सहकारी ‘अंपायर’च राहिले. १८९२ मध्ये ही नावे दोन भिन्न कामांची होती. आज ती धारण करणारे तेच काम करतात, तीच शिट्टी वाजवितात आणि फाउलगणिक एकमेकांच्या जागी जातात. मुख्य पंचाकडे काही विशेष अधिकार उरले आहेत. पण टोपलीखाली कोणी उभे राहावे हे त्या अधिकारांवरून ठरत नाही. ते मागील फाउल कोणी दिला यावरून ठरते.